कडक मास्तर, कडक बाई

दिवाळीची सुट्टी लागली किंवा मे महिना उजाडला, की गावोगावी माजी विद्यार्थ्यांचे मेळावे सुरू होतात. कुणाच्या तुकडीला पंचवीस वर्षं झालेली, कुणाच्या पन्नास. शाळेच्या पटांगणात मांडव, दारात रांगोळी, फेटे बांधलेले आजोबा, ठेवणीतली पैठणी नेसलेल्या आज्या आणि पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवलेले ऐंशी-पंच्याऐंशीचे सर. एकेकाच्या हातात माईक येतो आणि मग प्रत्येक जण सांगतो काय? तर आपण मार किती खाल्ला ते!

तुम्हीही हे ऐकलं असेल, मैत्रिणींनो. कदाचित सांगितलंही असेल. "गणिताचे सर वर्गात आले की पंख्याचा आवाजसुद्धा बंद व्हायचा." "बाईंनी पट्टीच्या कडेनं बोटांच्या पेरांवर असं मारलं की आठवडाभर टाक धरवेना." "छडी आणायलाही आम्हालाच पाठवायचे, निरगुडीची फोक तोडून आणायला, आणि फोक बारीक निघाली तर तिचाच पहिला प्रसाद आणणाऱ्याला!" मांडवात हशा पिकतो. पहिल्या रांगेतले सर ओशाळं हसतात. आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य येतं, "सर, तुमच्या छडीनं आम्ही घडलो."

ज्या छडीच्या भीतीनं सकाळी पोटात गोळा यायचा, तिचीच आठवण पन्नास वर्षांनी इतकी गोड कशी होते? आणि ही गोड झालेली आठवण आपण आपल्या मुलांना सांगावी तरी कशी? आज याबद्दल जरा बोलू या. मी दोन्हीकडची आहे, म्हणून हा विषय घ्यावासा वाटला. सकाळी घरात दोन मुलांचे डबे भरते, दप्तरं तपासते, आणि दुपारी दोन तास एका खाजगी शाळेत मराठी शिकवते. तिथं 'कडक बाई' म्हणून माझं नाव आहे, असं मुलं एकमेकांत बोलतात, म्हणजे बोलतात ते माझ्या कानावर यावं असंच!

माझ्या सासूबाई १९७५ साली दहावी झाल्या. आपल्याकडे अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची शालान्त परीक्षा आली, ती त्याच वर्षी. त्यामुळे 'आमची पहिली तुकडी' हा अभिमान त्यांना अजून आहे. २०२५ साली त्यांच्या वर्गाचा पन्नास वर्षांचा मेळावा झाला, तालुक्याच्या गावी, त्यांच्या जुन्या हायस्कुलात. त्यांच्या सोबतीला मी गेले होते.

सकाळच्या भाषणांत वर सांगितलं तेच सगळं झालं. अंगठे धरून उभं राहणं, कोंबडा, उठाबशा, बाकावर उभं करणं, एक चुकलेला शब्द शंभरदा लिहिणं, सगळ्यांची उजळणी झाली. पण जेवणं झाल्यावर, माईक बाजूला ठेवून सगळी गोल करून बसली, तेव्हा गोष्टी बदलल्या. कुणी म्हणालं, "अरे, सर रात्री दहा वाजता सायकलवरून गावात फेरी मारायचे, आठवतं? कुणाच्या खिडकीत दिवा आहे ते बघायला. ज्याचा दिवा बंद, त्याला दुसऱ्या दिवशी वर्गात विचारणा." कुणी सांगितलं, "माझा परीक्षेचा फॉर्म राहिला होता पैशांवाचून. बाईंनी भरला, आणि घरी सांगू नकोस म्हणाल्या." एक जण बँकेतून निवृत्त झालेला. तो म्हणाला, "पावकी, निमकी, पाऊणकी, औटकीपर्यंत सगळं सरांनी सकाळच्या जादा तासाला पाठ करून घेतलं. जादा तासाचा एक पैसा कधी घेतला नाही. बँकेत यंत्र येण्याआधी माझी बेरीज तयार असायची."

मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होते. माझ्या लक्षात एक गोष्ट आली. सकाळी छडीच्या गोष्टींना हशा होता, पण दुपारच्या गोष्टींना डोळ्यांत पाणी होतं. माणूस घडला तो या दुपारच्या गोष्टींनी. वही रोज तपासली जाई, गैरहजर राहिलं तर कुणीतरी विचारी, अक्षर वळणदार यावं म्हणून कित्ता पुन्हा पुन्हा गिरवून घेतला जाई. छडी त्या काळी सगळ्यांच्याच हातात होती, चांगल्या मास्तरांच्या आणि वाईटही. म्हणून चांगल्या मास्तरांची आठवण काढताना छडीही सोबत येते, आणि त्यांनी केलेल्या कष्टांचं श्रेय छडी घेऊन जाते.

ही झाली अर्धी गोष्ट. दुसरी अर्धी हजेरीच्या वेळी कळली.

कुणाच्या तरी खटपटीनं शाळेच्या कपाटातून त्यांच्या आठवीचा जुना हजेरीपट मिळाला होता. आलेल्यांपैकी सर्वांत वयस्कर बाईंनी तो हातात घेऊन खणखणीत आवाजात हजेरी घेतली. "हजर बाई!" म्हणताना साठी ओलांडलेली माणसं लहान झाली होती. काही नावांना मांडव गप्प झाला. ती माणसं आता नाहीत. आणि एका मुलीच्या नावालाही कुणी काही बोललं नाही. बाई पुढच्या नावावर गेल्या. माझ्या शेजारी बसलेल्या सासूबाई हळूच म्हणाल्या, "ती इथंच राहते. बाजारपेठेच्या मागं."

परतीच्या एस.टी.त त्यांनी सगळं सांगितलं. त्या मुलीची आई शेतावर मजुरीला जायची. ही सकाळी विहिरीवरून पाणी भरायची, धाकट्या भावाला न्हाऊमाखू घालायची आणि मग शाळेत यायची. तोवर प्रार्थना होऊन गेलेली. उशिरा येणाऱ्यांना गणिताचे सर दारातच थांबवत, दोन्ही तळहातांवर एकेक छडी. तिनं ती महिनोन् महिने खाल्ली. हात फ्रॉकला पुसायची आणि जागेवर जाऊन बसायची. पण एक दिवस सर म्हणाले, "तुला शिकून करायचंय काय? शेवटी भांडीच घासायची ना?" सगळा वर्ग हसला. "मीसुद्धा," सासूबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

सर कोणते, तर तेच. रात्री सायकलवर फेरी मारणारे. आता ते हयात नाहीत. माणूस एकच, आणि दोन्ही गोष्टी खऱ्या. त्यांच्या फेरीनं वर्गातली कितीतरी मुलं पास झाली आणि त्यांच्या एका वाक्यानं एक मुलगी घरी बसली. छडी सोसवली, पण ते वाक्य सोसवलं नाही.

मेळाव्यानंतर पंधरा दिवसांनी सासूबाई तिच्याकडे फोटो घेऊन गेल्या. तिनं चहा केला, फोटोतली माणसं एकेक करून ओळखली. का आली नाहीस म्हणून विचारलं, तर म्हणाली, "बोलावणं होतं की. पण मेळावा दहावीच्या तुकडीचा. मी कुठं दहावीला होते?"

मैत्रिणींनो, तेव्हापासून "आम्ही मार खाल्ला म्हणून घडलो" हे वाक्य ऐकलं, की मला वाटतं, हे म्हणणारे सगळे मांडवात बसलेले आहेत. ज्यांचं मारानं बिघडलं, शाळा सुटली, गणिताची कायमची धास्ती बसली, ते मेळाव्याला येतच नाहीत. माईक त्यांच्या हातात कधी जात नाही. मग हिशेब एकाच बाजूचा राहतो. घरखर्चाची वही लिहिताना आपण फक्त जमेची बाजू लिहिली, तर महिनाअखेरीला काय होईल ते तुम्हाला ठाऊकच आहे.

कुणी म्हणेल, त्या काळी दुसरा मार्गच नव्हता. नव्हता कसा? छडीचं ते प्रसिद्ध गाणं आपल्याला ठाऊक झालं ते आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या 'श्यामची आई' चित्रपटामुळे. पण ज्यांच्या पुस्तकावरून तो चित्रपट निघाला, ते साने गुरुजी स्वतः १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, छात्रालयही सांभाळत होते. मुलं शाळेत गेली की गुरुजी त्यांच्या खोल्या झाडत, पसारा आवरून ठेवत. मुलांना लाज वाटू लागली आणि ती आपण होऊन आवरायला लागली. शिस्त लागलीच की! तिकडे बोर्डी आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी काम केलं. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असं दिसल्यावर त्यांनी मुलांना दरडावलं नाही. शाळाच कुरणावर नेली. तिचं नाव कुरणशाळा. आता सांगा, पाणी भरून उशिरा येणाऱ्या त्या मुलीला अशी एखादी बाई भेटली असती तर?

आता कायदाही स्पष्ट आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या १७ व्या कलमानुसार मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही आणि त्याचा मानसिक छळही करायचा नाही. करणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होते. 'मानसिक छळ' हे शब्द लक्षात ठेवा. हातातली छडी टाकली म्हणजे काम भागलं, असं नाही. जिभेची छडीही टाकायची आहे.

माझी शाळा हा कायदा येण्याआधीची. त्यामुळे छडी पाहिलेल्या पिढीतली मी, छडी न पाहिलेल्या मुलांना शिकवते. शिक्षकांच्या खोलीत "आता हातच बांधून ठेवलेत, मुलं ऐकतील कशी?" ही तक्रार मीही ऐकते. ती सगळीच खोटी नाही. एका वर्गात पन्नास-साठ मुलं, त्यात निवडणुकीची नि जनगणनेची कामं, वह्यांचा ढीग. पण माझा अनुभव असा, की मुलं कडकपणाला कंटाळत नाहीत. नियम आज एक, उद्या दुसरा झाला की मात्र ती बिथरतात. सोमवारी वही तपासणार म्हटलं की सोमवारीच तपासायची, मग आपल्याला सर्दी असो की घरी पाहुणे. मुलं तुम्हाला महिनाभर पारखून बघतात, आणि मग वह्या आपोआप येऊ लागतात.

कडक कोण आणि तापट कोण?

मुलगा किंवा मुलगी घरी येऊन "आमच्या बाई फार कडक आहेत" म्हणाली, तर आईनं काय करावं? बहुतेक घरांत दोनच उत्तरं मिळतात. एक, "तूच काहीतरी केलं असशील." दुसरं, "थांब, उद्या येते मी शाळेत!" दोन्ही घाईची. आधी मुलाला खायला द्या, हातपाय धुऊ द्या, आणि मग शांतपणे तीन गोष्टी विचारा: बाईंनी काय करायला सांगितलं होतं? तू काय केलंस? मग बाई काय म्हणाल्या, नेमक्या शब्दांत? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. बरंचसं त्यातच असतं.

कडक बाईंची खूण अशी, की नियम सगळ्यांना सारखा असतो, मग मूल डॉक्टरांचं असो की भाजीवालीचं. त्या चूक सांगतात आणि बरोबर काय तेही दाखवतात. काल रागावलेल्या असल्या तरी आज हाक मारून प्रश्न विचारतात. अशा बाई मिळाल्या तर देवाला साखर ठेवा आणि मुलाला म्हणा, "बाई म्हणतात ते कर."

तापट माणसाची खूण वेगळी. राग बाईंच्या स्वतःच्या दिवसावर अवलंबून असतो. एकाच मुलाला पुन्हा पुन्हा धरलं जातं. अभ्यासाची चूक सोडून रंग, जाडी, जात, गरिबी, आईबापांचा धंदा काढला जातो, किंवा मुलींना "तुला काय करायचंय शिकून" असं ऐकवलं जातं. आणि हात उगारला जातो. यातलं काहीही असेल तर गप्प बसू नका.

पण भांडायलाही जाऊ नका. आधी वर्गशिक्षकांची वेळ मागून भेटा. मुलासमोर बोलणं नको. फरक पडला नाही तर मुख्याध्यापकांना लेखी द्या. तारीख, काय घडलं, कुणासमोर घडलं, एवढंच लिहा, आणि प्रतीवर पोच घ्या. सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. म्हणजे ही आपलीच समिती आहे! तिच्या बैठकीला जायचा कंटाळा करू नका. त्याहून गंभीर काही असेल, तर १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा फोन आहे आणि राज्याचा बाल हक्क संरक्षण आयोगही आहे.

घरातली छडी

शाळेतली छडी कायद्यानं गेली. घरातली आपल्याच हातात आहे. अजूनही शाळेच्या दारात "बाई, चांगला झोडून काढा याला, आमची काही तक्रार नाही" असं सांगणारे पालक मला भेटतात. मूल शेजारी उभं राहून ते ऐकत असतं, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. घरीही "थांब, तुझ्या सरांना नाव सांगते" अशी भीती घालू नका. ज्या माणसाकडून शिकायचं, त्याचाच बागुलबुवा केला तर मूल प्रश्न विचारायला हात वर कसा करील?

शिस्त मात्र हवीच. ती वेळेची ठेवा. अभ्यासाची वेळ ठरलेली, त्या वेळी टीव्ही आणि मोबाइल मोठ्यांचेही बंद. संध्याकाळी दिवेलागणीनंतर दहा मिनिटं पाढे किंवा पाठांतर मोठ्यानं म्हणायचं. जुन्या घरांतला परवचा म्हणजे दुसरं काय होतं? आणि आठवड्यातून एकदा, रविवारी दुपारी म्हणा, मुलाच्या सगळ्या वह्या शेजारी बसून उलटून बघा. रागवायला नव्हे. कुणीतरी बघतंय, एवढं कळलं तरी अक्षर सुधारतं.

मुलांना आपल्या शाळेच्या गोष्टी जरूर सांगा, त्यांना त्या फार आवडतात. पण छडीची गोष्ट सांगितलीत तर सायकलच्या फेरीचीही सांगा, आणि जी मुलगी पुन्हा शाळेत आली नाही तिचीही सांगा. मार खाल्ल्याचं पदक करून मिरवू नका.

आता मेळाव्याबद्दल दोन शब्द. यंदा तुमच्या तुकडीचा मेळावा ठरत असेल, तर बोलावण्याची यादी दहावीच्या निकालावरून करू नका. शाळेत विनंती करून पाचवीचा किंवा आठवीचा हजेरीपट मागा आणि त्यातल्या प्रत्येकाला बोलवा. नुसता निरोप धाडून भागणार नाही. मध्येच शाळा सुटलेल्यांच्या घरी कुणीतरी स्वतः जा, हळदीकुंकवाला बोलवायला जातो तसं. वर्गणी ज्याला जमेल तितकी ठेवा, आणि कुणी किती दिली ते फलकावर लिहू नका.

आणि सरांचा, बाईंचा सत्कार करताना शाल-श्रीफळावर थांबू नका. निवृत्त शिक्षकाच्या कपाटात शालींची थप्पी लागलेली असते. त्यापेक्षा एखादी जुनी वही, तिच्यावरची त्यांची लाल शाईतली सही घेऊन जा. किंवा एक पत्र लिहा, मोठ्या ठळक अक्षरात, चष्म्याशिवाय वाचता येईल असं. त्यात 'तुमच्या छडीनं घडलो' असं मोघम लिहू नका. नेमकं काय केलं होतं ते लिहा: आजारी असताना घरी आलात, फॉर्म भरलात, माझा निबंध वर्गात वाचून दाखवलात. घरी भेटायला जायचं तर आधी फोन करा. दुपारची वेळ त्यांच्या झोपेची असते.

असं पत्र लिहायला एक आंतरदेशीय किंवा वहीचं एक पान पुरतं. या रविवारी वह्या तपासून झाल्या, की तेही लिहून टाका.